मुंबईत पहिल्यांदा लॉजवर उतरताना

गेली अठरा वर्षं मी बार्शीहून मुंबईला माल आणायला जाते. अस्तर, ब्लाउजपीस, लेस, बटणं. मंगळदास मार्केट आणि भुलेश्वर एका दिवसात उरकत नाही, म्हणून दीड-दोन महिन्यांतून एक रात्र लॉजवर काढावी लागते. गावातलं कुणी परीक्षेला निघालं, कुणाचं मंत्रालयात काम निघालं, कुणाला टाटा हॉस्पिटलची तारीख मिळाली, की ते दुकानात येऊन विचारतात, "ताई, मुंबईत उतरायचं कुठं?" इतक्या जणांना तोंडी सांगून झालंय, आता सगळं एकदा नीट लिहून काढते.

लॉजच्या काउंटरवर आपलं नुकसान होतं ते बहुतेक वेळा संकोचामुळे. "आधी खोली दाखवा" म्हणायला जीभ रेटत नाही. मागे दोन माणसं उभी असतात, आपण रात्रभरच्या प्रवासानं आंबलेलो असतो, आणि मॅनेजरनं रजिस्टर पुढं सरकवलं की आपण मुकाट्यानं सही करून मोकळे होतो. खाली जे प्रश्न दिले आहेत ते विचारायचेच आहेत, एवढं मनाशी धरून मगच पुढचं वाचा.

उतरायचं कुठं

आधी काम कुठं आहे ते बघा आणि लॉज त्याच्या जवळ शोधा. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. मध्य, पश्चिम आणि हार्बर यांतल्या कोणत्या लाइनवर आपलं काम आहे आणि वाटेत गाडी किती वेळा बदलायची, हे बघायचं.

मंत्रालय, हायकोर्ट, क्रॉफर्ड मार्केट, मंगळदास यांच्यासाठी सीएसएमटीच्या (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जुनं व्हीटी) आसपासचा भाग बरा. फोर्टमध्ये आणि मशीद बंदरकडच्या गल्ल्यांत जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर पुष्कळ साधे लॉज आहेत. टाटा, केईएम, वाडिया ही परळची हॉस्पिटलं असतील तर परळ किंवा दादर धरा. अमेरिकेच्या व्हिसासाठी बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) जायचं असेल तर दक्षिण मुंबईत राहून काही मिळवायचं नाही. शीव, कुर्ला, वांद्रे यातलं काहीतरी बघा. परीक्षेचं केंद्र पवईला आणि मुक्काम ग्रँट रोडला, असं करून सकाळी सातला धापा टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. हॉलतिकिटावरचा पत्ता नकाशावर टाकून आधी जवळचं स्टेशन काढा.

काही पक्कं ठरत नसेल तर दादर. मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइन तिथं मिळतात, आणि ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाल्यापासून दादरहून थेट सीएसएमटीकडं किंवा विमानतळाकडंही जाता येतं.

जाहिरातीत "स्टेशनपासून पाच मिनिटं" लिहिलेलं असतं. कोणतं स्टेशन, आणि पूर्व की पश्चिम, हे दोन्ही विचारा. रूळ ओलांडून पलीकडं जायचं म्हणजे बॅगा घेऊन पुलाचे जिने चढणं-उतरणं आलं. आणखी एक: मोबाइलवर "मुंबई" टाकून स्वस्त खोली शोधली की मीरा रोड, वसई, पनवेलचे लॉजही यादीत येतात. भाडं दोनशेनं कमी दिसतं आणि दिवसातले तीन तास गाडीत जातात.

पेशंटला घेऊन जाणाऱ्यांनी लॉजच्या आधी धर्मशाळांची चौकशी करावी. दादर पूर्वेला संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, तिथं टाटाचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. जागा मिळेलच असं नाही, आणि हॉस्पिटलचे कागद दाखवावे लागतात. त्यासाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन सरळ विचारायचं. किमोच्या सहा फेऱ्या लॉजच्या भाड्यानं करणं सामान्य घराला परवडत नाही. म्हणून सांगते, पहिल्याच दिवशी विचारा.

एक दिवस म्हणजे किती तास

हा सगळ्यात महागात पडणारा मुद्दा आहे आणि नवखा माणूस नेमका हाच विचारत नाही.

सिद्धेश्वर, महालक्ष्मी, देवगिरी, विदर्भ, आपल्याकडच्या रात्रीच्या गाड्या सकाळी मुंबईत आणून सोडतात. म्हणजे आपण लॉजच्या दारात सकाळी सात-साडेसातला उभे असतो. आता लॉजचे दोन प्रकार. एकात चोवीस तासांचा हिशोब असतो: सकाळी सातला आलात, दुसऱ्या दिवशी सातपर्यंत एक दिवस. दुसऱ्यात चेक-आउटची वेळ ठरलेली असते, कुठं सकाळी नऊ, कुठं दहा, कुठं दुपारी बारा. त्या वेळेला दिवस संपतो, तुम्ही कधीही आलेले असा.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या फेरीची गोष्ट. सकाळी पावणेसातला एका लॉजवर खोली घेतली, अंघोळ करून बाजारात गेले, संध्याकाळी आठला सामान उचलून बिल मागितलं. दोन दिवसांचं भाडं! चेक-आउट नऊचा होता. पावणेसात ते नऊ हा एक दिवस आणि नऊच्या पुढचा दुसरा. मी तेरा तास खोली वापरली होती, त्यातले अकरा तर बाजारातच गेले होते. भिंतीवर पाटी होती, पण कॅलेंडरच्या मागं. मी खूप भांडले, पण सही माझीच होती.

तेव्हापासून फोनवर माझा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "चोवीस तास आहे की चेक-आउट टाइम आहे? मी सकाळी सातला पोचणार, उद्या संध्याकाळी निघणार. किती दिवस धरणार?" असं माझ्या वेळा सांगून विचारते आणि रुपयांत आकडा घेते. लवकर येण्याचे वेगळे शंभर-दोनशे घेऊन काही जण दिवस वाचवून देतात. विचारल्याशिवाय ते कुणी आपणहून सांगत नाही.

नुसतं एका दिवसाचं काम असेल तर खोली घेऊच नका. स्टेशनवरच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन आवरता येतं, बॅग क्लोकरूममध्ये ठेवता येते. बॅगेला कुलूप नसेल तर क्लोकरूमवाले ती घेत नाहीत, आणि तिकीट व ओळखपत्र मागतात. रेल्वेच्या रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरीही आहेत, आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून आधी आरक्षण करता येतं. मुंबई सेंट्रलला 2021 पासून पॉड हॉटेलही आहे, एका माणसाला झोपण्यापुरती खोकी, पण स्वच्छ. एकट्या पुरुषाला किंवा परीक्षेच्या मुलाला लॉजच्या डॉर्मिटरीतली कॉटही पुरते. मौल्यवान काही जवळ असेल तर मात्र कॉट घेऊ नये, रात्रभर झोप लागत नाही.

बुकिंग: अ‍ॅपवरून की फोनवरून

मी दोन्ही करते. अ‍ॅपवर लॉज शोधते, लोकांनी काढलेले फोटो बघते (लॉजनं टाकलेले नव्हे, त्यांत प्रत्येक चादर पांढरीशुभ्र असते), अभिप्राय नवीन आधी असे लावून शेवटच्या दोन-तीन महिन्यांतले वाचते. "स्टाफ चांगला आहे" असल्या वाक्यांना काही अर्थ नाही. पाणी, ढेकूण, आवाज, संडास, पैसे परत, हे शब्द शोधा. मग नकाशावरून नंबर घेऊन थेट फोन करते. बऱ्याचदा तोच भाव मिळतो, कधी कमीही. शिवाय फोनवर माणूस कसा बोलतो त्यावरून पुष्कळ कळतं.

अ‍ॅपवरून बुकिंग केलं असलं तरी आदल्या दिवशी फोन करून "माझं नाव लागलंय ना" एवढं विचारा. अ‍ॅपवर पैसे भरलेत आणि काउंटरवर "आमच्याकडं आलंच नाही" असं उत्तर मिळतं, हा प्रकार सकाळी सातला बॅगा घेऊन सोसवत नाही.

स्टेशनबाहेर "रूम पाहिजे का?" म्हणत मागं लागणाऱ्यांच्या सोबत जाऊ नका. त्यांचं कमिशन तुमच्याच भाड्यातून जातं. "बुकिंग झालंय" म्हणायचं आणि चालायला लागायचं. टॅक्सी केलीत तर मीटरनंच जा. काळी-पिवळीचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून 31 रुपये आहे. रिक्षा शोधत बसू नका, शीव आणि वांद्र्याच्या अलीकडं शहरात रिक्षा चालतच नाहीत. पहिल्यांदा आलेल्यांना हे माहीत नसतं आणि ते दादरला रिक्षा स्टँड विचारत फिरतात.

काउंटरवर

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, एकाचं असून चालत नाही. आधार, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट यांपैकी काहीही. पॅनकार्डावर पत्ता नसतो म्हणून बहुतेक ठिकाणी ते घेत नाहीत. आधारची झेरॉक्स द्यायची असेल तर मास्क्ड आधार काढून न्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि ते यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट मिळतं. झेरॉक्सवर तारीख आणि "फक्त लॉज मुक्कामासाठी" असं आडवं लिहून सही करायची मला सवय आहे. रजिस्टर भरणं टाळता येत नाही, पोलीस ते तपासतात. कुठून आलात, कुठं जाणार, कशासाठी, हे खरं लिहा.

मुंबईचाच पत्ता असलेलं ओळखपत्र पुष्कळ लॉज घेत नाहीत. तुमच्यासोबत मुंबईतलं नातेवाईक रात्री थांबणार असेल तर हे आधीच विचारून ठेवा.

एकट्या बाईला "सोबत कोण?" हा प्रश्न हमखास येतो. पहिल्या वर्षी मी जाऊबाईंना सोबत घेऊन जायची, ती याच प्रश्नाच्या धास्तीनं. आता मी शांतपणे सांगते, "कुणी नाही. मी धंद्याच्या कामाला आले आहे." एकट्या बाईला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही. तरीही एखादा नाही म्हणतो. सकाळची वेळ असेल तर वाद घालत बसू नका, दुसरीकडं चला. रात्रीची वेळ असेल तर अडचण होते, म्हणूनच फोनवर आधीच स्पष्ट सांगायचं की मी एकटी येणार आहे. मॅनेजर चारचौघांत मोठ्यानं खोलीचा नंबर सांगत असेल तर "दादा, चावीच द्या, नंबर त्यावर आहे" म्हणा. जिन्याजवळची, पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरची खोली मागा. कोपऱ्यातली नको.

पैशाचं बोलताना "सगळं धरून किती?" असं विचारा. 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे, आधी 12 होता. अजून कुणी 12 लावत असेल तर दाखवून द्या. आणि ज्याच्याकडं जीएसटी क्रमांकच नाही त्याला जीएसटी घेता येत नाही, पावतीवर तो क्रमांक असायला हवा. जास्तीच्या गादीचे किती, लहान मुलाचे किती, एसी लावला तर किती, हेही तिथंच. अनामत घेत असतील तर ती पावतीवर वेगळी लिहून घ्या. नुसतं "देऊ परत" याला संध्याकाळच्या पाळीचा मॅनेजर ओळखत नाही.

आणि पैसे द्यायच्या आधी: "एकदा खोली बघून येते." एवढंच वाक्य आहे. आजवर ज्यानं याला नाही म्हटलं, त्याच्या लॉजवर मी राहिले नाही.

खोलीत गेल्यावर पाच मिनिटं

रूमबॉय दारात उभा असतो, त्याला उभं राहू द्या. घाई करू नका.

आधी नळ. थंड, मग गरम, मग फ्लश, आणि बेसिनखाली बादली ठेवली आहे का ते. जुन्या इमारतींत पाणी ठरावीक वेळेला येतं आणि टाकीत साठवतात, वरच्या मजल्यावर धार बारीक असते. गरम पाणी गीझरचं की बादलीनं आणून देणार, आणि किती ते किती, हे रूमबॉयला विचारा. तो मॅनेजरपेक्षा खरं सांगतो. "सहा ते नऊ" म्हणाला तर समजायचं की साडेआठला संपतं. कॉमन संडास-बाथरूमची खोली घेत असाल तर तोही जाऊन बघा, किती खोल्यांत एक आहे ते विचारा. आतून कडी लागते का, हे हातानं लावून बघा.

मग गादी. याला सगळ्यात जास्त वेळ द्या. मोबाइलचा टॉर्च लावा, डोक्याकडच्या कोपऱ्यातली चादर ओढा आणि गादीची शिवण बोटानं उलगडून बघा. शिवणीच्या दुमडीत पेनाचं टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके ओळीनं दिसले की ते ढेकणांचे. चादरीवर तांबूस, गंजासारखे डाग असतील तर ते चिरडलेल्या ढेकणांचं रक्त. लाकडी पलंगाच्या सांध्यांत आणि पलंगामागच्या भिंतीच्या भेगांतही बघा. दिवसा ढेकूण फिरताना दिसत नाहीत, रात्री दिवा मालवल्यावर बाहेर येतात, म्हणून नुसती वरून चादर बघून काही कळत नाही. ठिपके दिसले तर दुसरी खोली मागा, शेजारची नको, वेगळ्या मजल्यावरची. तीही तशीच असेल तर नमस्कार करून निघा.

बॅग कधीही पलंगावर किंवा पलंगाखाली ठेवू नका. टेबलावर, खुर्चीवर, नाहीतर फरशीवर भिंतीपासून सुटी. मी माल घेऊन येते. अस्तराच्या गठ्ठ्यातून एक ढेकूण घरी आला तर दुकान, घर, शेजारची तीन घरं सगळ्यांनाच ताप. घरी गेल्यावर कपडे आधी कढत पाण्यात, मग कडक उन्हात. ढेकूण उष्णतेनं मरतो, थंड पाण्यानं मरत नाही.

मग दार. आतून कडी आणि वरची खिटी, दोन्ही लावून दार ढकलून बघा. बाहेरून लावायला लॉजच्या कुलपापेक्षा आपलं कुलूप बरं. काही लॉज चालू देतात, विचारा. खिडकी बंद होते का आणि उघडली की काय दिसतं? रस्त्यावर उघडली तर रात्रभर गाड्या, आतल्या डक्टकडं (इमारतीच्या मधल्या उभ्या मोकळ्या जागेकडं) उघडली तर शांतता मिळते पण कुबट वास असतो. मी डक्टवाली घेते, झोप महत्त्वाची. पंखा पाचवर लावून एक मिनिट ऐका. प्लगमध्ये चार्जर लावून बघा. जुन्या खोल्यांत एकच प्लग असतो आणि तो नेमका दाराजवळ असतो, म्हणून एक्स्टेन्शनची वायर न्यावी.

खाली उतरताना जिना डोळ्यांखालून घाला. लाकडी जुना जिना, त्यावर खोके आणि गाद्या रचलेल्या, आणि दुसरा रस्ता नाही, अशी इमारत असेल तर वरचा मजला घेऊ नका. आग लागली तर उतरायचं कुठून, हा विचार दोन मिनिटांत होतो.

सोबत काय न्यायचं

एक स्वच्छ चादर आणि उशीचा अभ्रा, पंचा, बाथरूमची रबरी चप्पल, साबण, छोटं कुलूप, कपडे वाळवायला नायलॉनची दोरी, डासांचं मलम. पावसाळ्यात दोन पिशव्या जास्त, कारण मुंबईत जून ते सप्टेंबर खोलीत काहीही वाळत नाही. गरजेच्या दुप्पट सामान मात्र नेऊ नका, तीन मजले चढायचे असतात.

रात्री काही बिनसलं तर

पाणी गेलं, शेजारी दारू पिऊन गोंधळ चालला, तर आधी काउंटरला फोन. लॉजचा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवलेला असावा. रात्री कुणी दार वाजवलं तर आतूनच बोला, आणि "मॅनेजरनं पाठवलंय" म्हणाला तर काउंटरला फोन करून खात्री केल्याशिवाय उघडू नका. भीती वाटण्यासारखं काही झालं तर 112. हा नंबर लावायला लाजायचं नाही, त्यासाठीच तो आहे. अनामत परत दिली नाही, ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले, तर पावतीचा फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा.

कुठं उतरलात ते घरी कुणाला तरी कळवा: लॉजचं नाव, गल्ली, खोलीचा नंबर. काउंटरवरच्या कार्डाचा फोटो काढून घरी पाठवला की झालं. संध्याकाळी परत येताना टॅक्सीवाल्याला दाखवायलाही तोच उपयोगी पडतो.

रूमबॉयशी माणसासारखं वागा. तो बहुधा लांबच्या गावाहून आलेला पोरगा असतो, जिन्याखाली झोपतो. मी पहिल्याच दिवशी वीस-तीस रुपये हातावर ठेवते आणि नाव विचारते. सकाळची गरम पाण्याची बादली कधी चुकलेली नाही.

निघताना

चेक-आउटच्या अर्धा तास आधी आवरा. चार्जर, बाथरूममधला साबणाचा डबा, उशीखालचा चष्मा. रूमबॉयला खोली बघायला बोलवा, त्यानं "ठीक आहे" म्हटलं की खाली जाऊन अनामत घ्या आणि मगच चावी द्या.

परतीची गाडी रात्री आणि चेक-आउट सकाळी, अशी आपली नेहमीची अडचण. बहुतेक लॉज संध्याकाळपर्यंत बॅग काउंटरमागं ठेवून घेतात, कुणी फुकट, कुणी बॅगेमागं काही रुपये घेऊन. कुलूप लावून द्या, पैसे आणि कागद त्यात ठेवू नका, आणि काउंटरवरचा माणूस किती वाजेपर्यंत आहे ते विचारा, कारण रात्री नऊनंतर दुसरा असतो आणि त्याला तुमची बॅग ठाऊक नसते. रविवारी निघत असाल तर लोकलच्या मेगाब्लॉकची (दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवतात त्याची) वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा.

गाडीत बसल्यावर मी दुकानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहिते. मागच्या फेरीच्या अशा आहेत: "दुसरा मजला, खोली 9. चोवीस तास. गरम पाणी साडेआठपर्यंतच. खिडकी आतल्या बाजूला, झोप चांगली. पुढच्या वेळी 9 किंवा 11 मागायची, 10 चा पंखा वाजतो."